जित्या माशाचे वाटे

७ सप्टेंबर १९८६, रविवार. सकाळपासून तुमची माशांची टाकी रिकामी करते आहे. पाणी लोट्याने उपसून बादलीत, बादली चिंचेच्या बुंध्याशी. तळची रेती आणि गोटे सुपात घेऊन हापशीखाली. अर्धं काम झालं, पाठ भरून आली, म्हणून बसले आहे.

गुरुजी, हे काम मी आपण होऊन काढलेलं नाही. काल मलेरियाचा माणूस सायकलवरून आला. गावात तापाने कुणी गेलं की ते येतातच. घरोघरचे रांजण, फुटकी मडकी, टायर बघत तो शेवटी वसतिगृहात शिरला. व्हरांड्यातल्या टाकीवर बॅटरी मारली आणि म्हणाला, "बाई, हे का पाळून राह्यल्या जी तुमी?"

"मासे होते. आता नाहीत."

"मासे नाई, पन डास भरपूर आहेत. पाहा."

महिनाभर कुणी हात न लावलेल्या त्या हिरव्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी विचारलं, हे कोणते डास? तो म्हणाला, "पान्यावर आडवी पडली तं मलेरियाची. अशी उलटी लटकली तं दुसरी. ह्या लटकल्या आहेत. तरी खाली करा."

मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. तुम्हाला नेणारा ताप माझ्या व्हरांड्यात तयार झाला नाही, एवढं कळल्यावर जीव हलका झाला. मग लक्षात आलं की आपण हे विचारलं कशासाठी. ज्याच्या मनात काही नाही तो डासाची जात विचारत बसत नाही.

शाळेत तुमची शोकसभा झाली. मुख्याध्यापकांनी तुमची जन्मतारीख सांगितली, नोकरीची वर्षं सांगितली, शांत स्वभाव सांगितला. मला दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, घसा बसला आहे. घसा ठीक होता.

सात वर्षं आपण एका आवारात नोकरी केली. तुम्ही पहिलीच्या वर्गात, मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, मधे ही चिंच. तुम्ही मला "बाई" म्हणायचात, मी तुम्हाला "गुरुजी". तुमचं कवडू हे नाव मी फक्त हजेरीपटावर वाचलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही नागपूरहून परत आलात ते मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत ओला टॉवेल, टॉवेलात फुगवलेली प्लास्टिकची थैली, थैलीत बारा मासे, करंगळीच्या पेराएवढे. कंडक्टरने म्हणे विचारलं होतं, "गुरुजी, लेकराचं हाफ तिकीट घ्याचं का?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "बाराही जनाचं घे, पन खिडकीपाशी जागा दे."

मी म्हटलं, "ढिवराच्या माणसाने नागपूरहून मासे आणावेत, हे नवीन ऐकते."

"बाई, आमी जलमभर मासे मारले. येक बार पोसून पाहाचे होते."

टाकीसाठी तुम्ही गडचिरोलीच्या वेल्डरकडून पट्ट्यांची चौकट करून आणून स्वतः काचा बसवल्या होत्या. तीनदा गळली. तीनदा पुट्टी भरलीत. तिसऱ्यांदा माझा जमखाना भिजला तेव्हा मी बोलले ते आठवत असेल. तुम्ही पारबताबाईला, आमच्या स्वयंपाकिणीला, हळूच सांगितलंत, "बाई रागावल्या का झाडीत येतात पाह्य." मी खरंच "मले ईचारल्याशिवाय" असं काहीतरी बोलून गेले होते. एरवी मी वसतिगृहात झाडीबोली चालू देत नाही, गोंडी तर नाहीच.

दुकानदाराने माशांचं नाव नियॉन सांगितलं होतं. अंगावर एक निळी रेघ, एक लाल, आणि दोन्हींना आतून उजेड असल्यासारखा. पोरींना नियॉन काय कळणार? त्या म्हणाल्या, बिजलीचे मीन. गोंडीत मासा म्हणजे मीन. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

खरं सांगते, मला ते मासे आवडले होते. तुम्हाला कधी म्हटलं नाही. थंडीत तुम्ही टाकीला गोधडी गुंडाळायचात आणि वर बल्ब टांगायचात. मे महिन्यात ओली पोती बांधून दर तासाला भिजवायचात. बारातले चार गेले, आठ राहिले, आणि या भागात आठ राहिले हीच कमाल. हापशीचं पाणी तुम्ही कधी घातलं नाहीत. जंगलातल्या नाल्यात जिथे पानं कुजून पाणी चहासारखं होतं, तिथून कॅनमध्ये आणायचात. मी म्हटलं, हे घाणेरडं पाणी कशाला? तुम्ही म्हणालात, "हापशीचा पानी जड आहे जी. तुमच्या गंजाच्या बुडाले पाहा, पांढरा थर बसते." मी जाऊन पातेल्यांचे बूड पाहिले. थर होता. हेही तुम्हाला सांगितलं नाही.

आणि खायला डासाच्या अळ्या. तुम्ही पोरींना चहाची गाळणी देऊन डबक्याडबक्यावर पाठवायचात. या पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत या आवारात एका फुटक्या मडक्यातही अळी राहिली नव्हती, एवढ्या त्या टपून असायच्या. मलेरियावाल्याला हे मी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

जूनमध्ये नव्या पोरी आल्या. सहा-सहा वर्षांच्या, धानोऱ्यापलीकडच्या जंगलगावांतल्या, मराठीचा एक शब्द नाही. रडायच्या. तुम्ही त्यांना टाकीसमोर बसवायचात आणि गोंडीत विचारायचात, सांगा पाहू, यांतला मास्तर कोण? पोरी रडणं विसरून बघत बसायच्या. आठही मासे एकदम वळायचे, एकदम थांबायचे. एक पोर म्हणायची हा, दुसरी म्हणायची तो, शेवटी सगळ्या हसायच्या, कारण मास्तर कुणीच नव्हता.

त्यांतल्या चार पोरी एकाच गावच्या होत्या. सोमारी आणि तिच्या तिघी. चौघी एका चटईवर झोपायच्या, एकमेकींचं जेवण ओढून खायच्या, आणि दिवसभर गोंडीत चिवचिव. मी माझ्या नेहमीच्या नियमाप्रमाणे चौघींना चार खोल्यांत टाकलं. एका गावच्या पोरी एका खोलीत ठेवायच्या नाहीत, हा नियम मीच केलेला. घोळक्यात राहिल्या तर मराठी शिकत नाहीत, हे मी सात वर्षांत पाहिलं होतं. त्याआधी स्वतःवर पाहिलं होतं. नऊ वर्षांची असताना वडलांनी मला चंद्रपूरला वसतिगृहात टाकलं. आमच्याकडची कुणी नव्हती. "मले-तुले" ऐकून मुली तोंडावर हात धरून हसायच्या. मी सहा महिने गप्प बसले आणि सातव्या महिन्यात त्यांच्यापेक्षा शुद्ध बोलायला लागले. आज जी आहे ती त्यामुळे आहे, असंच मी धरून चालले.

तुम्ही या नियमावर पहिल्यापासून नाराज होतात, पण खरा वाद एकदाच झाला. जुलैत पाऊस लागून राहिला होता आणि दिवसभर वीज नव्हती. टाकीतला हवेचा पंप बंद. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. तुम्ही म्हणालात, लोट्याने पाणी उचलून उंचावरून सोडत राहायचं, म्हणजे हवा मिसळते. चार तास आपण आळीपाळीने ते केलं. तुमचा हात दुखला की मी, माझा दुखला की तुम्ही. सोमारी खांबाला टेकून बघत होती. ती तेव्हा जेवण अर्धं टाकून द्यायची.

तुम्ही म्हणालात, "बाई, या पोट्ट्याईले एका खोलीत जाऊ द्या. हे मासे सहाच्या खाली ठेवाचे नाई, असं दुकानदार सांगते. एकटा पडला का खात नाई."

मी म्हटलं, "पोरी म्हणजे मासे आहेत का, गुरुजी? मीही एकटीच होते. एकटी होते म्हणून शिकले."

तुम्ही लोटा भरून पुन्हा उंचावरून सोडलात. मग म्हणालात, "तुमी शिकल्या, हे बराबर आहे. पन एकटी होत्या म्हनून शिकल्या का एकटी असूनई शिकल्या, हे कोनाले मालूम?"

मी म्हटलं, "घंटा झाली, वर्गावर जा." घंटा झाली नव्हती.

त्या दिवसानंतर मला टाकी खुपायला लागली. पोरी तिथेच जमायच्या आणि तिथेच गोंडी बोलायच्या. मी खोल्या फोडल्या, पण टाकी त्यांना पुन्हा जोडत होती. काढून टाका म्हणायला कारण नव्हतं. मग मला एक सुचलं, आणि ते मला इतकं न्यायाचं वाटलं की मी लगेच अमलात आणलं. खोल्या आठ, मासे आठ. प्रत्येक खोलीला एक मासा. बिस्किटांच्या आठ काचेच्या बरण्या मिळवल्या. ज्या त्या खोलीने आपला मासा सांभाळायचा, म्हणजे जबाबदारीही कळेल आणि टाकीपाशी गर्दीही होणार नाही.

हे न्यायाचं का वाटलं, तेही सांगते. आमच्या गावी, सिंदेवाहीकडे, उन्हाळ्यात बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी आटलं की सगळं गाव मिळून मासे धरायचं. तुमचे ढिवर जाळं टाकायचे, बाकीचे चिखलात उतरायचे. मग काठावर पळसाची पानं रांगेने मांडून वाटे घालायचे. घरागणिक एक वाटा, कमी नाही, जास्त नाही. माझ्या आजीच्या वेळी आमच्या वस्तीचे वाटे त्या रांगेत पडत नसत. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं बाजूला टाकायचे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या वडलांनी आणि चार जणांनी सांगितलं, रांगेत पडेल तरच घेऊ. दोन उन्हाळे आमच्या घरी बोडीचा मासा शिजला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात वाटा रांगेत पडला. मी सुट्टीत घरी होते, ते पान मीच उचलून आणलं. तेव्हापासून सारखे वाटे दिसले की मला तिथे न्याय झालेला दिसतो. पुढे काही बघायची गरज वाटत नाही.

तुम्हाला हे सगळं सांगितलं. आठ बरण्या रांगेत मांडलेल्या होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वडलाईनं बराबर केलं तुमच्या. पन बाई, वाटे मेल्या माशाचे पडतात. जिता मासा वाटला जात नाई."

मी जाळी घेतली आणि एकेक काढून बरणीत टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे रंग गेले. निळी रेघ राखेसारखी झाली. प्रत्येक मासा आपल्या बरणीच्या तळाशी, एका कडेला, हलत नव्हता. अळ्या घातल्या तरी खात नव्हता. पारबताबाई म्हणाली, "बाई, हे तं तुरुंगातल्यावानी दिसून राह्यले." मी म्हटलं, सवय होईल. तिसऱ्या दिवशी दोन मेले.

चौथ्या दिवशी दुपारी, शाळा चालू असताना, मी खोल्यांची फेरी करत होते. तीन नंबरची बरणी जाग्यावर नव्हती. ती पाच नंबरच्या खोलीत होती, खिडकीत, तिथल्या बरणीला चिकटवून ठेवलेली. काचेला काच. आणि दोन्ही मासे आपापल्या बाजूने त्या मधल्या काचेशी आले होते. एक वर गेला की दुसरा वर जायचा.

गुरुजी, त्यांचा रंग परत आला होता. मी पाहिलं. निळी रेघ आणि लाल रेघ, दोन्ही. मी तिथे उभी राहून चांगली दोन मिनिटं पाहिलं. मग तीन नंबरची बरणी उचलून तीन नंबरमध्ये नेऊन ठेवली.

चूक अनेकांच्या हातून होते, चुकीचं मला फार वाटत नाही. पण मी पाहिलं होतं. पाहूनही बरणी उचलली, कारण नियम माझा होता आणि वादात तुम्ही जिंकत होतात.

संध्याकाळी मी सगळ्या पोरींना उभं करून विचारलं, बरणी कुणी हलवली? मी म्हटलं, कुणी सांगितलं नाही तर आठवडाभर संध्याकाळचा खेळ बंद आणि रविवारचाही. तेवढ्यात तुम्ही व्हरांड्यात आलात. "मीच सांगतलं जी पोट्ट्याईले. माझी गलती."

मला तेच हवं होतं. रात्रीच्या जेवणाआधी मी पत्र्यावर लाल रंगाने पाटी लिहिली आणि खांबाला ठोकली. "पुरुष कर्मचाऱ्यांस वसतिगृहाच्या व्हरांड्यात येण्यास सक्त मनाई आहे."

आवारात पुरुष कर्मचारी किती? मुख्याध्यापक इकडे फिरकत नाहीत. चौकीदार फाटकावर बसतो, बाकीचे शिक्षक घंटा झाली की घरी. राहता राहिले तुम्ही. मुलींच्या वसतिगृहावर अशी पाटी एका माणसासाठी लागली की लोक त्याचा काय अर्थ लावतात, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी काही काल नोकरीला लागलेली नाही. पारबताबाईने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "गुरुजीनं का केलं जी?" मी म्हणू शकले असते, माशांवरून भांडण झालं. मी म्हटलं, "नियम आहे." आणि तोंड असं केलं की तिने पुढे विचारू नये. ती पुढे बोलली, पण माझ्याशी नाही. धानोऱ्याच्या बाजारापर्यंत बोलली.

तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. पाटी वाचलीत, चपला जिथे होत्या तिथेच ठेवल्यात, आणि त्या दिवसापासून व्हरांड्याच्या कडेला बाहेर उभं राहून काय ते बोलायचात. पाटीबद्दल दुसरा कुणी भांडला असता. तुम्ही भांडला असतात तर मला बरं पडलं असतं. उरलेले सहा मासेही आठवड्यात संपले. तुम्ही रोज बाहेरून विचारायचात, "आज किती जी?" मी आकडा सांगायचे. एक दिवस म्हटलं, "संपले." तुम्ही मान हलवलीत आणि वर्गावर गेलात. टाकीतलं पाणी ओतायला तुम्हाला आत यावं लागलं असतं, आणि मला ते काम माझं वाटत नव्हतं. म्हणून ते तसंच राहिलं.

शेवटचं आपलं बोलणं झालं ते पोरींच्या पाट्या-पेन्सिलींवरून. पाऊस होता. मी व्हरांड्यात, तुम्ही बाहेर, पागोळ्यांच्या खाली. तुमच्या खांद्यावर पाणी पडत होतं आणि डोळे तांबारले होते. मी यादी पूर्ण वाचून दाखवली, सावकाश. "आत या" म्हणाले नाही. दोन शब्द होते. तुम्ही म्हणालात, "बरं जी," आणि गेलात. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी जीपमधून गडचिरोलीला जाताना वाटेतच. ताप आधीच अंगात होता, पावसाने आणला नाही, हे मला कळतं. तरी ते दोन शब्द कुठेच जात नाहीत.

तुमच्या घरी मी गेले होते. तुमच्या पत्नीने, यशोदाबाईंनी, चहा ठेवला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरच्या बाईने मला चहा करून दिला, आणि कप हातात देता देता विचारलं, "बाई, त्याहिनं का केलं होतं जी?"

"काही नाही केलं."

"मंग पाटी काऊन?"

मी चहा प्यायले. सगळा. उठून आले.

आज सकाळी टाकी उपसताना मागे कोणीतरी उभं असल्याचं वाटलं. सोमारी होती. न सांगता तिने बादलीची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघींनी चार बादल्या नेल्या. पाचव्या बादलीला ती म्हणाली, "बाई, बरणी मी ठेवली होती. गुरुजींनी सांगितलं नव्हतं."

शुद्ध मराठीत. "ठेवली होती", "सांगितलं नव्हतं", एक चूक नाही. अडीच महिन्यांत एवढी मराठी मी कुणाच्या तोंडी आणलेली नाही. मी विचारलं, "मग तेव्हा का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तेव्हा येत नव्हतं."

तेवढ्यात तिच्या गावच्या तिघींपैकी एक हापशीवर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं आता गोंडीत काही बोलतील. मी तर वाटच बघत होते, खरं म्हणजे. बोलल्या नाहीत. त्या पोरीने पाण्याचा गुंड भरला आणि निघून गेली. भांडण नव्हतं, राग नव्हता. फक्त आता त्यांची ती सवय गेली आहे. जूनमध्ये या एका चटईवर झोपत होत्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून ठाऊक नाही, गुरुजी. मी एकटी होते म्हणून शिकले की असूनही, हे कदाचित कळणारही नाही. पण चंद्रपूरचे ते पहिले सहा महिने मी कुणाशीच बोलले नव्हते, आणि ते मी आजवर शिकण्याचे महिने म्हणून मोजत आले. आज त्या पोरीला गुंड घेऊन जाताना पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ते तसे मोजायला नको होते. तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. म्हणून तर लाज वाटते. तुम्ही गेल्यावर मला बोलणं सोपं झालं आहे.

मग उठून टाकी धुतली आणि उन्हात ठेवली. एक काच निसटली. पुट्टी सुकली होती.

*

८ सप्टेंबर, सोमवार.

आज प्रार्थनेआधी यशोदाबाईंकडे गेले. दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही विचारलं त्याचं उत्तर द्यायला आले. त्यांनी काहीही वावगं केलं नव्हतं. वाद झाला होता, मी हरत होते, म्हणून पाटी लावली."

त्या शेणाने अंगण सारवत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "हे मले सांगून का होते, बाई? मले तं मालूमच होतं. जेथी पाटी लावली तेथी सांगा."

प्रार्थनेला चारही वर्ग आणि सगळे शिक्षक व्हरांड्यासमोर उभे होते, तिथे सांगितलं. तीनच वाक्यं. पारबताबाई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. घसा मधे बसला, या वेळी खरंच. मुख्याध्यापक जमिनीकडे बघत होते. मग पाटी खांबावरून उपटली. दोन खिळे निघाले, एक आतच राहिला.

नंतर मुलींना म्हटलं, आपापल्या पेट्या उचला आणि आपल्या गावच्या मुलींच्या खोलीत जा. कुणाला समजलं नाही. सात वर्षांच्या नियमानंतर कसं समजणार? म्हणून जेवढं येत होतं तेवढ्या गोंडीत सांगितलं. ते इतकं वाईट होतं की मोठ्या मुली तोंड दाबून हसल्या. पण मग पेट्या हलायला लागल्या. अर्धा तास व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्यांचा नुसता खडखडाट चालला होता. सोमारीच्या तिघी एकेक करून तिच्या खोलीत, तीन नंबरमध्ये, शिरल्या. आतून आवाज येत नव्हता. यायला वेळ लागेल.

शेवटी एक पोर उरली. दुसरीतली, घुग्घुसच्या खाणीवर बाप कामाला म्हणून मामाकडे वाढलेली. तिच्या गावचं किंवा मामाच्या गावचं इथे कुणी नव्हतं. ती आपल्या पेटीवर बसून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. हिचा विचार मी केलाच नव्हता. मी पेटीची एक कडी धरली आणि विचारलं, "कुठे जायचं तुले?"

ती पेटीवरून उठली. तेवढ्यात सोमारी तीन नंबरमधून बाहेर आली, माझी परवानगी न घेता, आणि पेटीची दुसरी कडी धरली.